निष्ठावंत पाहुणे आणि बंद झालेली वाट

मंडळाच्या मागील बैठकीनंतर चहाचे पेले अजून हातात होते, तेव्हा माझ्या एका जुन्या स्नेह्यांनी पिशवीतून एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका काढून माझ्यापुढे ठेवली. उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर चाळीसएक वर्षे उभ्या असलेल्या एका रिसॉर्टची ती पुस्तिका होती. त्यांचे भाचे तेथे जबाबदारीच्या पदावर आहेत. गेली काही वर्षे हे रिसॉर्ट ‘केवळ प्रौढांसाठी’ चालवले जाते. आता त्याचे नूतनीकरण व विस्तार व्हावयाचा आहे. जुन्या खोल्यांचे रूप पालटायचे, दोन नव्या इमारती उठवायच्या आणि समुद्राच्या बाजूस आणखी एक तलाव बांधायचा, असा बेत आहे. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर कारण दिले होते. वीस-वीस वर्षे न चुकता येणाऱ्या आमच्या निष्ठावंत पाहुण्यांची ही मागणी आहे.

स्नेह्यांची अपेक्षा माफक होती. शासकीय कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाने अर्जाची भाषा जरा नजरेखालून घालावी, कोणता शब्द कोठे अडेल ते सांगावे, एवढेच. मी नकार दिला. ते नाराज झाले आणि म्हणाले, “तुम्हां निवृत्त मंडळींना प्रत्येक नव्या गोष्टीला विरोध करण्याची सवयच जडते.” पेले ठेवून आम्ही निघालो, पण उत्तर द्यायचे राहिले. ते येथे देतो. कारण हा प्रश्न त्यांच्या भाच्यापुरता नाही.

प्रथम, माझा विरोध कशाला नाही ते सांगतो. जुनी इमारत दुरुस्त करण्यास माझा विरोध नाही. खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर चाळीस वर्षे उभ्या असलेल्या वास्तूचे लोखंड गंजते, काँक्रीट फुगून सुटू लागते, विजेच्या तारा आणि मलनिस्सारणाच्या नळ्या जीर्ण होतात. त्यांची डागडुजी न करणे हा पाहुण्यांच्या व नोकरांच्या जिवाशी खेळ आहे. ‘केवळ प्रौढांसाठी’ या पाटीविषयीही, ती कुंपणाच्या आत असेल तोवर, माझी तक्रार नाही. आमच्या पिढीला हे शब्द सिनेमाच्या जाहिरातीवरून परिचयाचे असल्यामुळे प्रथम ओठांवर हसू येते. पण अर्थ साधा आहे. मुलेबाळे वाढवून मोकळ्या झालेल्या जोडप्याला आठ दिवस शांतता हवी असेल, तर ती विकत घेण्याचा त्याला आणि विकण्याचा मालकाला अधिकार आहे. ही प्रथा आपल्याकडे कॅरिबियन बेटांच्या अनुकरणाने आली. जमैकातील ओचो रिओस येथे १९७८ साली केवळ जोडप्यांसाठी असे हॉटेल सुरू झाले आणि १९८१ मध्ये त्याच बेटावर माँटेगो बे येथे ‘सँडल्स’ने तोच कित्ता गिरवला. तेथून ती जगभर पसरली.

निष्ठावंत पाहुणे ही कवीकल्पना आहे, असेही मी म्हणत नाही. दरवर्षी डिसेंबरात तीच खोली मागणारी, वाढप्याच्या मुलीच्या लग्नाला आहेर पाठवणारी, माळ्याला नावाने हाक मारणारी वृद्ध इंग्रज जोडपी मी स्वतः पाहिली आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘थॉमस कुक’ ही जुनी ब्रिटिश पर्यटन कंपनी बुडाली, पाठोपाठ २०२० ची महामारी आली आणि या पाहुण्यांची ये-जा एकदम आटली. हॉटेलवाल्यांच्या चिंतेला आधार आहे, हे मान्य करूनच मी पुढे लिहितो.

माझे भांडण सुरू होते ते तीन शब्दांपाशी : दुरुस्ती, नूतनीकरण, विस्तार. साहित्य मंडळाच्या सभासदांना शब्दांच्या छटा समजावून सांगण्याची गरज नाही. दुरुस्ती म्हणजे जे आहे ते नीट करणे. विस्तार म्हणजे जे नाही ते उभे करणे. या दोहोंच्या मध्ये ‘नूतनीकरण’ हा शब्द बसतो, आणि त्याच्या पोटात दोन्ही मावतात. कचेरीत या शब्दाची किमया मी जवळून पाहिली. अर्ज दुरुस्तीचा येतो, टिपणीत तो नूतनीकरणाचा होतो, नकाशावर विस्ताराचा होतो आणि मंजुरीच्या पत्रात पुन्हा दुरुस्तीचा होऊन बाहेर पडतो. प्रत्येक टेबलावर एकेक शब्द सरकतो. कोणालाही आपण खोटे लिहिले असे वाटत नाही.

हे मी इतरांवर बोट ठेवून लिहीत नाही. १९९० नंतरच्या त्या दशकात, सेवेत मी बराच कनिष्ठ असताना, एका किनाऱ्यावरील हॉटेलच्या ‘छपराच्या दुरुस्ती’ची फाईल माझ्याकडे स्थळपाहणीसाठी आली. मी गेलो. छप्पर होतेच, पण त्यापलीकडे माडांच्या रांगेत नव्या खांबांसाठी खड्डे खणलेले होते आणि त्या खड्ड्यांच्या मधून गावातून पुळणीकडे उतरणारी पायवाट जात होती. डोक्यावर पाटी घेतलेली एक कोळीण खड्डे चुकवत माझ्यासमोरून गेली. मी परत येऊन लिहिले, ‘सादर केलेल्या नकाशाप्रमाणे.’ वाक्य खोटे नव्हते. खड्डे नकाशात होते. नकाशात वाट तेवढी नव्हती. मी सही केली. दोन वर्षांनी तेथे भिंत उभी राहिली आणि त्या वाड्यावरच्या लोकांना समुद्र गाठण्यासाठी दूरचा वळसा पडू लागला. कोणी दाद मागितली नाही, कारण वाट कोणत्याच कागदावर नव्हती. मला त्या प्रकरणी कोणी कधी विचारले नाही. म्हणूनच आज मी ते आपणहून सांगतो आहे.

कायदा अपुरा होता, अशी पळवाट मला घेता येणार नाही. १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्यास सांगितले होते. १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारा नियमन क्षेत्र अधिसूचना त्याच विचारातून निघाली. ग्रामीण स्वरूपाच्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम नाही; जुन्या अधिकृत बांधकामांची दुरुस्ती चालेल, पण ती आहे तेवढ्याच चटईक्षेत्रात, आहे तेवढ्याच जोत्यावर आणि आहे तेवढ्याच घनतेत, असे ती स्पष्ट सांगत होती. २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात रिसॉर्ट बांधायचे तर चटईक्षेत्र निर्देशांक ०.३३ पेक्षा अधिक नको, उंची ९ मीटरपेक्षा अधिक नको, तळमजला व वर एकच मजला. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसायचे नाही. आणि या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम असे की, लोकांना किनाऱ्यावर जाता यावे म्हणून दोन हॉटेलांच्या मध्ये किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा सोडली पाहिजे आणि अशा दोन जागांमधील अंतर ५०० मीटरहून कमी नसावे.

वाचकांपैकी जे कोणी दिवाळीच्या सुट्टीत इंदूर-ग्वाल्हेरहून वा बडोद्याहून गोव्यात येत असतील, त्यांनी या खेपेस किनाऱ्यावरून चालताना वीस मीटर रुंदीच्या अशा मोकळ्या वाटा मोजून पाहाव्यात. पुष्कळ ठिकाणी दोन भिंतींच्या मधून एकामागे एक चालावे लागेल, इतकीच फट सापडेल, आणि तीही सापडली तर.

२०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी आल्या. वाळूच्या टेकड्यांची पाहणी होऊन त्यांचे नकाशे करावेत व तेथे कोणतीही हालचाल होऊ देऊ नये, खाजण जमिनींचे रक्षण व्हावे, मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग या कासवांच्या विणीच्या किनाऱ्यांजवळ विकासकामे नकोत, असे त्यात आहे. परंतु त्या अधिसूचनेप्रमाणे गोव्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर व्हायला २०२२ साल उजाडले. दरम्यान २०१९ मध्ये नवी अधिसूचना आली. तिने दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक लोकवस्ती असलेल्या ग्रामीण किनाऱ्यांसाठी बांधकामबंदीचा पट्टा २०० वरून ५० मीटरवर आणण्याची सोय केली. मात्र ही सवलत मिळण्यापूर्वी तिच्यानुसार नवा आराखडा मंजूर व्हावा लागतो. संरक्षणाचा नकाशा काढायला अकरा वर्षे लागली. सवलतीची अधिसूचना त्याआधीच येऊन बसली होती.

विस्ताराचा प्रश्न वाटेपाशी येऊन कसा अडतो, याचे गोव्यातील सर्वांत गाजलेले उदाहरण दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावरील ‘सिदादे द गोवा’ या हॉटेलचे. चार्ल्स कोरिया यांच्यासारख्या थोर वास्तुरचनाकाराची ती कृती. या हॉटेलसाठी सरकारने काही जमीन संपादित करून दिली आणि १९८३ च्या करारात लोकांना किनाऱ्यावर जाण्याची वाट राहील, अशी अट होती. हॉटेलचा विस्तार झाला, वाटेचा तंटा न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने २००० साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २००९ रोजी वादग्रस्त विस्तार पाडण्याच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालामागे सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व होते. १९९६ च्या डिसेंबरात बियास नदीकाठच्या एका मोटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व ठामपणे मांडले होते. नदी, किनारा, वन ही संपत्ती सरकार लोकांच्या वतीने सांभाळते. विश्वस्ताने ती कोणा एकाच्या सोयीसाठी देऊन टाकायची नसते, असा त्याचा आशय.

पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. त्याच वर्षी, २००९ मध्ये, राज्य सरकारने प्रथम अध्यादेश काढून व नंतर विधानसभेत विधेयक आणून भूसंपादन कायद्याला पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्ती केली आणि तो विस्तार वाचवला. २०१६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. तेव्हा त्या वास्तूच्या वैधतेविषयी मला काही म्हणायचे नाही. तो विषय संपला. माझा प्रश्न सरकारला आहे, आणि मी त्याच सरकारचे मीठ खाल्ले असल्यामुळे तो विचारणे माझे कर्तव्य समजतो. खाजण, वाळूच्या टेकड्या आणि पायवाटा यांच्या नकाशांना वर्षानुवर्षे सवड न मिळणाऱ्या यंत्रणेला एका हॉटेलचा भाग वाचवण्यासाठी काही महिन्यांत सवड कशी मिळाली? येथेही ‘दुरुस्ती’ हाच शब्द कामी आला. फरक इतकाच की या वेळी दुरुस्ती इमारतीची नव्हती, कायद्याची होती.

आता निष्ठावंत पाहुण्यांकडे वळू. पुस्तिका म्हणते की विस्तार त्यांना हवा आहे. मला हे पटत नाही, आणि पटू नये असे कारण पुस्तिकेतच आहे. हे पाहुणे वीस वर्षे का आले? लहान हॉटेल, ओळखीची माणसे, माडांची सावली, पहाटे रिकामी पुळण, म्हणून आले. खोल्या दुप्पट केल्या की न्याहारीच्या टेबलासाठी रांग लागेल, वाढपी नवे असतील, माडांच्या जागी इमारत असेल आणि पहाटेच्या पुळणीवर खुर्च्या मांडलेल्या असतील. ज्या गोष्टीवर त्यांची निष्ठा होती तीच त्यांच्या निष्ठेचा दाखला देऊन मोडायची, असा हा व्यवहार आहे. त्यांना नळाला नीट पाणी, न गळणारे छप्पर आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी उतरत्या पायऱ्यांऐवजी उतार हवा असेल. यातल्या एकाही गोष्टीसाठी जोते एक हातही वाढवावे लागत नाही. विस्तार हवा आहे तो अजून न आलेल्या पाहुण्यांसाठी. तसे उघड म्हणावे. वृद्ध माणसांना साक्षीला उभे करू नये.

वाढल्याशिवाय टिकता येत नाही, हा युक्तिवादही तपासून पाहावा. कॅरिबियनमधील अरुबा बेटावर ‘बुकुती अँड तारा’ नावाचे प्रौढांसाठीचेच हॉटेल आहे. शंभराहून थोड्याच अधिक खोल्या आणि पुनःपुन्हा येणारे पाहुणे ही त्याची ओळख. वीज, पाणी व कचरा यांचा हिशेब काटेकोर ठेवून २०१८ मध्ये ते कॅरिबियनमधले पहिले प्रमाणित कार्बन-तटस्थ हॉटेल ठरले. नूतनीकरण या शब्दाला असाही अर्थ देता येतो. आपले हॉटेलवाले पाटी तेथून आणतात, हिशेब मात्र आणत नाहीत.

प्रौढांसाठीची पाटी कुंपणाच्या आत असेल तोवर तक्रार नाही, असे वर म्हटले. पण ती आत राहते का? दोन वर्षांपूर्वी मी पत्नीसह एका किनाऱ्यावर बसलो होतो. गावातली दोन मुले, असतील नऊ-दहा वर्षांची, ओल्या वाळूत तिसऱ्या वेचत वेचत एका हॉटेलसमोर आली. शिटी वाजली. गणवेशातल्या रखवालदाराने त्यांना हाताने ‘लांब जा’ अशी खूण केली. मुले मुकाट्याने वळली. मी रखवालदाराला विचारले तेव्हा तो म्हणाला, “साहेब, आमच्याकडे मुलांना परवानगी नाही.” तो बिचारा परप्रांतातून आलेला, सांगितले ते करणारा. पण ओली वाळू कोणाची? पुळणीवर खासगी मालकी चालत नाही, हे हॉटेलच्या मालकाला, मंजुरी देणाऱ्याला आणि मला माहीत आहे. त्या दोन मुलांना माहीत नव्हते. ती आता पुन्हा त्या बाजूला फिरकणार नाहीत आणि आणखी वीस वर्षांनी त्यांच्या मुलांना तो किनारा आपला होता, हेही ठाऊक नसेल.

कोकण-गोव्यात समुद्राचा पहिला धडा मूल वाळूतच गिरवते. रापण ओढताना दोराच्या शेवटी मुलेही हात लावतात. रापणीला मोकळी, सलग पुळण लागते. खुर्च्या आणि छत्र्यांच्या रांगांतून जाळे ओढता येत नाही. याच रापणकारांनी यांत्रिक बोटींविरुद्ध दिलेल्या लढ्यामुळे १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. पाण्यात त्यांनी आपली हद्द राखली. वाळूवरची हद्द त्यांच्या पायांखालून जाते आहे. तळकोकणात देवांची तरंगे ठरल्या तिथीला समुद्रस्नानाला येतात, नारळी पौर्णिमेला नारळ येतो, अस्थी येतात. किनाऱ्याचे खरे निष्ठावंत पाहुणे हे आहेत. त्यांची नोंद कोणत्याही स्वागतकक्षातील वहीत नसते, म्हणून त्यांना विचारले जात नाही.

रोजगाराचा आक्षेप मला अपेक्षित आहे. दुरुस्तीलाही गवंडी, सुतार, वायरमन लागतात आणि चांगले चाललेले छोटे हॉटेल बारमाही माणसे सांभाळते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : जमिनी विकल्या कोणी? आपणच विकल्या. किनाऱ्यालगतची भाटे विकून आपल्यापैकी कितीतरी घराण्यांनी शहरांत सदनिका घेतल्या, मुलांना परदेशी पाठवले. मी त्यांना दोष देत नाही. माझ्याही आजोळची एक पट्टी अशीच गेली. पण आपण भाट विकले, वाट विकली नव्हती. ती विकण्याचा अधिकार आपल्याला नव्हता.

वाळूच्या टेकडीवर एक जांभळ्या फुलांची वेल पसरते. तिला मराठीत मर्यादवेल म्हणतात. तिची मुळे वाळू धरून ठेवतात आणि समुद्राने कोठवर यावे, याची ती खूण समजली जाते. देशाच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश भागाची धूप होत असल्याचे १९९० ते २०१८ या काळाच्या सरकारी पाहणीत आढळले. ही वेल उपटून तेथे तलाव बांधला की समुद्राला मर्यादा सांगणारे कोणी उरत नाही. मग दगडी बांध मागायला हेच हॉटेल सरकारदारी येते आणि त्याचा खर्च आपण सारे भरतो.

नुसता विरोध नोंदवून थांबू नये, म्हणून चार सूचना करतो. पहिली, दुरुस्ती व विस्तार यांचे अर्ज वेगळे असावेत आणि काम सुरू होण्यापूर्वी जुन्या जोत्याची जागेवर आखणी करून छायाचित्रे फाईलला लावावीत. दुसरी, किनाऱ्यावर जाणारी प्रत्येक वाट सर्व्हे क्रमांकासह नकाशावर यावी आणि तिच्या तोंडाशी मराठी, कोंकणी व इंग्रजीत पाटी असावी. तिसरी, ‘केवळ प्रौढांसाठी’ ही अट हॉटेलच्या भिंतीपाशी संपते, हे परवान्यातच लिहावे. चौथी सूचना आपल्या मंडळासाठी आहे. गोव्यातील व बाहेरील सभासदांनी आपापल्या मूळ गावच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या वाटा आठवून लिहून काढाव्यात. एक-चौदाचे उतारे, जुने नकाशे, आजीच्या तोंडच्या वाटांची नावे, जे असेल ते. ज्यांना त्या वाटा ठाऊक आहेत, ते आता साठी-सत्तरीचे आहेत. आपण गेलो की तो पुरावाही गेला.

स्नेह्यांना मी निरोप पाठवला आहे : दुरुस्तीचा अर्ज मी स्वतःच्या हाताने, एक पैसा न घेता लिहून देईन, विस्ताराचे एक अक्षरही लिहिणार नाही. अर्जासोबत जोडावयाच्या नकाशावर माडांच्या मधून जाणारी वाट मात्र दाखवलेली हवी. एकदा ती न पाहता मी सही केली आहे. अद्याप त्यांचे उत्तर आलेले नाही. पुढच्या बैठकीला चहाच्या वेळी मी त्यांची वाट पाहीन.